नेहरू स्टेडियम पाडण्याआधी, मंत्रिमहोदय…

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम पाडून तिथल्या १०२ एकरांवर क्रीडानगरी उभारण्याची योजना असल्याच्या बातम्या नोव्हेंबर २०२५मध्ये आल्या. पाडायचं की ठेवायचं, ते तुमचे इंजिनीअर ठरवतील. माझी मागणी एवढीच, की हातोडा पडण्याआधी तिथे काय काय घडलं याची नीट नोंद व्हावी.

सुरुवात मजुरांपासून करा. स्टेडियम १९८२च्या एशियाडसाठी, म्हणजे आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधलं. एशियाडच्या बांधकामांवर राबणाऱ्यांना किमान वेतन मिळत नसल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं ही वेठबिगारीच, असा निकाल त्याच वर्षी लागला. कायद्याचे विद्यार्थी आजही तो अभ्यासतात. स्टेडियमच्या इतिहासात मात्र एशियाडचं बोधचिन्ह असलेला अप्पू हत्तीच तेवढा आठवतो.

त्या एशियाडमध्ये एम. डी. वल्सम्मानं ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचं सुवर्ण मिळवलं, पी. टी. उषाला दोन रौप्यपदकं मिळाली. १९८९च्या आशियाई अजिंक्यपदात त्याच उषानं तिथे चार सुवर्णपदकं नेली. भारतातला पहिला दिवस-रात्र एकदिवसीय क्रिकेट सामना १९८४मध्ये इथेच झाला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनही १९८८मध्ये इथे गाऊन गेला. २०१७मध्ये १७ वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकात जॅक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर हेडर मारून भारताचा फिफा विश्वचषकातला पहिला गोल केला. आनंद मिनिटभरच टिकला, लगेच कोलंबियानं दुसरा गोल मारला. तरी तो गोल आपलाच.

माझ्यासाठी मात्र हे स्टेडियम म्हणजे ८ ऑक्टोबर २०१०. राष्ट्रकुल स्पर्धेतली दहा हजार मीटर, म्हणजे पंचवीस फेऱ्या. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत दोन केनियन धावपटूंच्या मागोमाग तिसरी आली. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. स्पर्धेच्या आयोजनातल्या घोटाळ्यांच्या बातम्यांनी विटलेले आम्ही शेवटच्या फेरीला टीव्हीसमोर उभेच राहिलो होतो. ज्या रेषेवर ती थांबली, ती रेषा ढिगाऱ्यात जाऊ नये.

टोकियोनं आपलं राष्ट्रीय स्टेडियम २०१५मध्ये पाडलं, पण १९६४च्या ऑलिंपिकचं ज्योतपात्र जपलं आणि भिंतींवरची मोझेक चित्रं सोडवून नव्या स्टेडियममध्ये बसवली. आपल्याकडे असं काय जपायचं, याची यादी कोण करतंय? यादी होत असेल तर ती जाहीर करा. जुने खेळाडू, पंच, मैदानाची निगा राखणारे माळी यांना बोलतं करा. ही माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. आणि रोज पहाटे तिथे सराव करणारी पोरं मधली वर्षं कुठे धावणार, तेही पाडकामाच्या निविदेआधी सांगा. चार वर्षं म्हणजे धावपटूचं निम्मं आयुष्य असतं.

आपला,
जिल्हा पातळीच्या पुढे कधीच न गेलेला एक धावपटू

ता. क. : २०२५च्या जागतिक पॅरा अॅथलेटिक्ससाठी अंथरलेला मोंडो कंपनीचा कृत्रिम ट्रॅक फारसा जुना नाही. उचलून दुसरीकडे टाकण्याजोगा असेल, तर त्र्यंबक-हरसूलच्या बाजूला जागेची अडचण नाही.