प्लेट कोरी दिसली तेव्हा थांबवणाऱ्या लॅबमधल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

परवा थिसिस सबमिट केला. आभाराच्या पानावर तुमचा उल्लेख दीड ओळीत उरकला गेला, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

माझा विषय तुम्हाला पाठच आहे. रूट कॅनाल केलेला दात पुन्हा बिघडतो तेव्हा त्यात बऱ्याचदा एन्टेरोकॉकस फिकॅलिस सापडतो. काढलेल्या दातांच्या मुळांचे तुकडे करून त्यात हा जंतू २१ दिवस वाढवायचा, मग एका गटात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, दुसऱ्यात २ टक्के क्लोरहेक्झिडिन जेल ही जंतुनाशकं भरायची आणि शेवटी आतल्या भिंतीचा भुगा काढून प्लेटवर कल्चर लावायचं, म्हणजे किती जंतू जिवंत उरले ते कळतं. दर दोन दिवसांनी ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचं द्रावण, बदलायचा होता. त्यातला एक दिवस नेमका पाडव्याला आला आणि तुम्ही घरचा फराळ घेऊन लॅब उघडायला आलात.

पण खरे आभार पायलटच्या, म्हणजे मुख्य प्रयोगाआधीच्या छोट्या चाचणीच्या, त्या सकाळचे. क्लोरहेक्झिडिनच्या सगळ्या प्लेट कोऱ्या होत्या, जंतूंचा एकही ठिपका, म्हणजे कॉलनी, नाही. मी आनंदाने गाईडना फोन लावत होते. तुम्ही प्लेट उजेडात धरलीत आणि विचारलंत, "मेले ते दातात, की इथे प्लेटवर?"

मला प्रश्नच कळला नाही. तुम्ही काही न बोलता त्याच कोऱ्या प्लेटवर जिवंत जंतूंचं ताजं कल्चर ओढलंत आणि ३७ अंशांवर ठेवून दिलंत. दुसऱ्या दिवशीही काही उगवलं नव्हतं. क्लोरहेक्झिडिन डेंटिनला, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराला, चिकटून राहतं आणि सावकाश सुटत राहतं. रुग्णाच्या दातात हाच त्याचा मोठा गुण. माझ्या चाचणीत मात्र ते भुग्याबरोबर प्लेटवर उतरलं होतं आणि तिथेही जंतूंना वाढू देत नव्हतं. दातात किती जंतू जिवंत होते, हे त्या प्लेट सांगूच शकत नव्हत्या.

मग तुम्ही भुग्यातल्या क्लोरहेक्झिडिनचा असर थांबवणारं ट्वीन ८० आणि लेसिथिनचं न्यूट्रलायझर करायला शिकवलंत, कॅल्शियम हायड्रॉक्साइडसाठी सायट्रिक ॲसिड. नुसत्या न्यूट्रलायझरने जंतू मरत नाहीत ना, हे पाहायला वेगळा कंट्रोलही लावायला लावलात. पायलट पहिल्यापासून केला. दीड महिना गेला, मी चिडचिड केली, तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत.

नव्या प्लेटवर कॉलनी उगवल्या. क्लोरहेक्झिडिन तरीही पुढेच राहिलं, पण पायलटमध्ये दिसलं तेवढं नाही. हा आकडा मी परीक्षकांसमोर न घाबरता मांडू शकते. उद्या कुणी तो वाचून रुग्णाच्या दातात औषध भरेल, तेव्हा तो खोटा नसेल. हे तुमच्यामुळे झालं, काका.

एक विनंती. माझ्या ज्युनियरने ट्रिपल अँटिबायोटिक पेस्टचा विषय घेतलाय. पुढच्या सोमवारी ती दात घेऊन तुमच्याकडे येईल. तिलाही तो प्रश्न विचाराल ना?

तुमची,
एन्डोच्या (रूट कॅनाल शिकवणाऱ्या शाखेच्या) तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी