जिवाणू वेगळे, विषाणू वेगळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला क्रिस्परवरचा, म्हणजे जिवाणूंमधल्या, विषाणूंचा डीएनए तोडणाऱ्या यंत्रणेवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा हातात लाल पेन घेऊन. मथळ्यात ‘विषाणूंची कात्री’, पहिल्या परिच्छेदात ‘जिवाणूंची’, आणि पुढे तर ‘हे विषाणू हल्ला करणाऱ्या विषाणूंना ओळखतात’! चित्र सहा पायांच्या फेजचे, म्हणजे एका विषाणूचे, आणि त्याखाली ‘जिवाणू’. दुसऱ्या एखाद्या विषयात मी हे सोडून दिले असते. इथे विषाणू मारायला येतो आणि जिवाणू त्याला ओळखून तोडतो, एवढीच तर सगळी गोष्ट आहे. दोघांना एकच नाव दिल्यावर वाचकाने समजायचे काय?

हा शब्दांचा घोळ मला का लागतो, ते सांगतो. मी 26 वर्षे एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम केले. 1996 च्या उन्हाळ्यात आमचे दही लागेना. 42 अंशांवर ठेवलेले दूध चार तासांत घट्ट व्हायला हवे. सहा तास उलटले तरी व्हॅटमध्ये, म्हणजे दह्याच्या मोठ्या टाकीत, पळी घातली की वर दूधच येई. दर तासाला आम्लता काढत होतो. पहिले दोन तास आकडा चढला, मग जागच्या जागी थांबला. आधी संशय शेतकऱ्यांवर गेला, की कासदाहाचे इंजेक्शन दिलेल्या जनावराचे दूध घातले. दोन गावांचे दूध परत पाठवले. मग वरिष्ठांनी अहवालात लिहिले, ‘कल्चरला (म्हणजे विरजणाच्या जिवाणूंना) जंतुसंसर्ग’. जंतू म्हणजे घाण, घाण म्हणजे धुलाईत कसूर, असा सरळ अर्थ लावला गेला आणि व्हॅट धुणाऱ्या मामांचा आठ दिवसांचा पगार कापला. हा माणूस रात्री दोन वाजता कॉस्टिकच्या वाफेत उभा राहून व्हॅट घासायचा.

पुढच्या आठवड्यात आम्ही फसलेल्या व्हॅटमधली निवळी घेतली आणि जिवाणूही अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळली. तिचे थोडे थेंब निर्जंतुक दुधाच्या दोन बाटल्यांत घातले. एकीत नेहमीचे कल्चर लावले, दुसरीत वेगळे. पहिली तशीच राहिली. दुसरीत सुरीने कापावे असे दही लागले. दुधात औषध असते तर दोन्ही अडल्या असत्या. तो फेज होता, म्हणजे जिवाणूंनाच लागणारा विषाणू, आणि तोही ठरावीक वाणाला. तो कच्च्या दुधातूनही येतो आणि पाश्चरायझेशननेही सगळा मरत नाही. मामांच्या ब्रशचा त्यात काय दोष? कल्चर बदलले, उत्पादन सुरू झाले. मामांचे पैसे काही परत मिळाले नाहीत. मी तेव्हा आणखी जोर लावून बोलायला हवे होते, हे आजही मनात आहे.

म्हणूनच ‘2012 मध्ये शास्त्रज्ञांनी क्रिस्पर बनवले’ हे आपले वाक्य मला पटत नाही. शार्पेंतिए आणि डाउडना यांनी त्या वर्षी कास-9 या कापणाऱ्या प्रथिनाला हव्या त्या जागी डीएनए कापायला लावता येते हे दाखवले आणि 2020 चे नोबेल मिळवले. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण यंत्रणा जिवाणूंची. जपानमध्ये इशिनो यांच्या गटाला 1987 मध्येच ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत एकसारखे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे दिसले होते. या तुकड्यांच्या मधला मजकूर विषाणूंचा आहे, हे स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांनी ओळखले. त्यांचा निबंध अनेक नियतकालिकांनी परत पाठवला आणि तो छापून यायला 2005 उजाडले. ही यंत्रणा विषाणूंपासून बचाव करते याचा पक्का पुरावा 2007 मध्ये आला, तो दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूवरून, डॅनिस्को या कंपनीतल्या बारांगू आणि होर्वाथ यांच्या कामातून. फेजच्या हल्ल्यातून वाचलेल्या जिवाणूंच्या डीएनएतल्या या तुकड्यांच्या माळेत त्याच फेजच्या डीएनएचा नवा तुकडा जोडलेला सापडला. तुकडा काढला की प्रतिकार गेला, घातला की आला. ते वाचताना मला आमचा तो व्हॅट आठवला. त्यातही चार वाचलेले असतील, आम्ही सगळे गटारात सोडून दिले. आपल्या लेखात दुग्धव्यवसायाचे नावसुद्धा नाही.

आणि जे सर्वांत विलक्षण, तेच लेखात गाळले आहे. नवा तुकडा सहसा माळेच्या एकाच टोकाला बसतो, त्यामुळे कोणता हल्ला आधीचा, कोणता नंतरचा, हे वाचता येते. या माळेवरून आरएनएच्या प्रती निघतात. कास प्रथिने त्या प्रती धरून ठेवतात आणि जुळणारा डीएनए दिसला की तोडतात. मग स्वतःची माळ का तोडत नाहीत? विषाणूच्या डीएनएत त्या मजकुराशेजारी काही अक्षरांची एक खूण असते, माळेत ती नसते. विषाणूने त्या खुणेतले एखादे अक्षर बदलले तरी तो निसटू शकतो. शिवाय ही शिकलेली प्रतिकारशक्ती पेशी दुभंगल्यावर दोन्ही कन्यापेशींना आयतीच मिळते. आईला गोवर होऊन गेला असला तरी आपल्याकडे मुलाला लस टोचावीच लागते.

मामांची नात यंदा बारावी सायन्सला आहे. आपला अंक घेऊन ती काल संध्याकाळी माझ्याकडे आली होती. पेपरात ‘जिवाणू’ लिहायचे की ‘विषाणू’, हे तिला विचारायचे होते. तिच्यासाठी तरी दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात न छापता विज्ञानाच्याच पानावर छापावी, ही विनंती.

जाता जाता आणखी एक. हे पान रविवारवरून बुधवारी नेलेत, तेही चालवून घेतले. पण आता अर्धे पान जाहिरातीला जाते आणि लेख वाक्याच्या मध्येच तुटतो. कालचा लेख ‘त्यामुळे जिवाणूंना’ या शब्दांवर संपला आहे. उरलेला मजकूर पुढच्या बुधवारी द्यावा.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त डेअरी कर्मचारी, सांगली जिल्हा)