सूचना: केळी उत्पादक गटाच्या सभासदांसाठी, बिडी-सिगारेटबाबत

सर्व सभासद भाऊ-ताईंना नमस्कार.

यापुढे गटाच्या बैठकीत आणि गाडीत माल भरताना कुणीही बिडी-सिगारेट ओढू नये. धूर शेजारच्या माणसालाही बाधतो.

'आखाजीपासून सोडतो' म्हणणाऱ्या भावांना कळकळीची विनंती: मुहूर्त पाहू नका. शेवटची बिडी विझवल्यावर २० मिनिटांतच नाडीचे वाढलेले ठोके आणि रक्तदाब उतरू लागतात. १ ते ९ महिन्यांत खोकला व दम लागणे कमी होते. वर्षभराने हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका उतरायला मात्र वेळ लागतो. तो धोका निम्मा व्हायला सुमारे १० वर्षे जातात. म्हणून तर उशीर नको. साठी उलटलेल्यांनाही फायदा होतोच.

बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज खोटा आहे. आणि बिडी सोडून तंबाखू मळायला लागलात तर सुटलात असे नाही.

पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल. घरच्यांनी तेवढे सांभाळून घ्यावे. तलफ आली की पाणी प्या, दोन पावले चाला. ती काही मिनिटांत ओसरते. एकट्याने जमत नसेल तर तंबाखूमुक्तीसाठीची शासकीय मोफत हेल्पलाइन: १८००-११२-३५६.