प्रयोगशाळेतल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

आभार मानायला आलो तेव्हा "डॉक्टरांचे माना" म्हणून तुम्ही पुन्हा कामाला लागलात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. सर्जन साहेबांना, आयसीयूतल्या सिस्टरांना आम्ही हात जोडले, पेढे दिले. तुमची मात्र रिपोर्टखाली सही तेवढी दिसते.

पराटीचा खुंट बाबांच्या पिंडरीत घुसला होता. हळद दाबली, विषय संपला असं वाटलं. मग ताप चढला. वरून नुसती लाली, पण पायाला चादर टेकू देईनात. "पाय कापून टाका, पण हे दुखणं थांबवा," म्हणत होते. दिसतं त्याहून दुखणं कितीतरी जास्त, हीच या मांस सडवणाऱ्या रोगाची खूण, हे नंतर कळलं. तुमच्याकडे आणलं त्याच रात्री सडलेलं मांस काढलं आणि औषधंही सुरू झाली. पण आत नेमकं कोण शिरलंय, ते तुम्ही सांगितलंत. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, साखळीने जोडलेले गोल जंतू दिसताच रिपोर्टची वाट न बघता तुम्ही वॉर्डात फोन केलात. स्ट्रेप्टोकोकस पायोजेनीस. हा जंतू आजही पेनिसिलिनला दाद देतो. सोबतचं क्लिंडामायसिन त्याचं विष तयार होणं रोखतं. त्या फोननंतर डॉक्टरांनी बाकीची औषधं कमी केली.

जंतू वाढवलेली बंद प्लेट तुम्ही उजेडात धरून दाखवलीत, ती डोळ्यांसमोरून जात नाही. लाल रक्ताच्या थरावर राखाडी ठिपके आणि प्रत्येकाभोवती स्वच्छ, आरपार कडं. तेवढ्या भागातलं रक्त जंतूने विरघळवलेलं.

बाबा वाचले तरी तुमचं काम संपलं नाही, आणि खरे आभार त्याचेच आहेत. घरात कुणाचा घसा दुखतोय का, लेकरांना ताप आहे का, हे तुम्ही स्वतः विचारलंत. मग परवानगी घेऊन, बाबांचं नाव न लावता, तो जंतू उणे 80 अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवलात आणि एम प्रकार ओळखायला पाठवलात. सरकी दिसायला सारखीच, वाण मात्र निराळं, तसंच हे, असं मी मनाशी जुळवलं. जंतूच्या अंगावरच्या एम प्रथिनाच्या जनुकावरून असे 200 हून जास्त प्रकार ओळखले गेलेत. त्यातल्या एम-1 ची एक नवी शाखा इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये जगापुढे मांडली. जुन्या एम-1 पेक्षा जनुकसंचात फक्त 27 अक्षरांचा फरक, पण विष बरंच जास्त. कुणीतरी नमुने जपून ठेवले होते म्हणूनच हे लक्षात आलं.

आणि आपल्याकडचं? या जंतूवर अजून बाजारात लस नाही. 30 प्रकारांवर बेतलेली एक लस तयार होते आहे, पण ते प्रकार निवडले मुख्यतः अमेरिका-युरोपातले नमुने बघून. आपल्यासारख्या देशांत प्रकार जास्त आणि वेगळे. खेड्यातला नमुना कुणी पाठवलाच नाही, तर लस करणाऱ्याला आमच्या गावात काय फिरतंय ते कसं कळणार? एवढ्या कामाच्या रेट्यात तुम्ही तो पाठवलात, मॅडम. एका शेतकऱ्याच्या पायातला जंतू तुम्हाला मोजण्याजोगा वाटला, याचं मोल मी जन्मभर विसरणार नाही.

गावातल्या आशाताईंना मी सगळं सांगितलंय. जखमेजवळ लाली, ताप आणि न सोसणारं दुखणं दिसलं की घरी थांबायचं नाही, हे त्या आता घरोघरी सांगतात. बाबा काठी घेऊन वावरात जातात. पुढच्या तपासणीला त्यांना तुमच्याकडे घेऊन येईन. त्यांना तुम्हाला भेटायचंय.

आपला,
वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा