नव्या शिक्षकांची उमेद पहिल्याच सत्रात का खचते: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर.

महोदय, सादर नमस्कार.

दरवर्षी डी.एड., बी.एड. करून नवी मुलं-मुली बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या सरकारी मराठी शाळांत येतात. काही कायम, काही अतिथी शिक्षक म्हणून एका वर्षापुरती. येताना हुरूप असतो. दिवाळीपर्यंत त्यातली बरीच जण गप्प होतात, "हे आपल्याला जमायचं नाही" असं म्हणू लागतात. मग त्यांच्यासाठी प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं जातं. त्याने दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी वर्ग तोच असतो. उमेद नेमकी कुठे खचते हे आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या एका पत्रकाने सुधारू शकतं.

सगळ्यात मोठी अडचण बहुवर्ग अध्यापनाची, म्हणजे एकाच शिक्षकाने एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवण्याची. कॉलेजातला सराव पाठ एका इयत्तेचा, एका विषयाचा, पाठाचं टाचण आधी तपासून घेतलेलं, मागे निरीक्षक बसलेले म्हणून मुलंही शांत. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या लोअर प्रायमरीत (पहिली ते पाचवीच्या शाळेत) मात्र पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणेही ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. एका खोलीत पहिली, दुसरी, तिसरी. नव्या बाई टाचणाप्रमाणे दुसरीला शिकवायला घेतात, पाच मिनिटांत पहिलीची मुलं जागा सोडतात, तिसरीत भांडण लागतं, बाई आवाज चढवतात. आठवड्याभरात घसा बसतो. घसा बसला की चिडचिड होते, आणि चिडलेल्या बाईंपुढे मुलं आणखी बिथरतात. यात त्या बाईंच्या स्वभावाचा काही दोष नाही. असा वर्ग कसा चालवायचा हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

दाखवायला अवघड काही नाही. फळ्याचे तीन उभे भाग करायचे आणि दुसरी-तिसरीचं काम घंटेआधीच लिहून ठेवायचं. ४० मिनिटांच्या तासात पहिली ५ मिनिटं सगळ्यांची एकत्र, गाणं किंवा पाढे. मग पहिलीजवळ १२, दुसरीजवळ १०, तिसरीजवळ १०, आणि उरलेली ३ मिनिटं वह्यांवर नजर टाकायला. नवखे शिक्षक इथे एक चूक हमखास करतात. ज्या इयत्तेला आपलं आपण काम करायचं आहे, तिलाच नवीन गणितं देतात. मूल अडतं, वही घेऊन उठतं, त्याच्यामागे दुसरं, तिसरं, आणि बाईंभोवती घोळका जमून तास मोडतो. स्वाध्यायाला कालचं, जमलेलंच काम द्यावं. हातच्याची बेरीज काल नीट झाली असेल तर आज तसल्याच सहा बेरजा. सूचना एकदाच द्यावी आणि "आता काय करायचं?" हे एखाद्या मुलाकडून वदवून घ्यावं. एवढी घडी बसली की महिन्याभरात वर्ग हाती येतो.

म्हणून आमची पहिली मागणी: इंटर्नशिपमधले (बी.एड.ला ती १६ आठवड्यांची असते) किमान ४ आठवडे अशा बहुवर्ग शाळेत काढायला लावा. राज्यात नलिकलीने, म्हणजे लहान इयत्तांना एकत्र बसवून कृतीतून शिकवण्याच्या पद्धतीने, ही वाट केव्हाच दाखवून दिली आहे. तिचं प्रशिक्षण मराठी माध्यमाच्या नव्या शिक्षकांना मराठीतून मिळावं.

दुसरी गोष्ट हजेरीची. जुलैत खानापूर भागात भाताची रोप लावणी सुरू झाली की वर्ग रिकामे दिसू लागतात. निपाणी, चिकोडी, अथणीकडे उसाचा हंगाम लागला की तीच गत, शिवाय ऊसतोड मजुरांची मुलं मध्येच येतात आणि मध्येच जातात. नवा शिक्षक समजतो, आपलं शिकवणं मुलांना आवडत नाही. रुजू होतानाच मुख्याध्यापकांनी गावचं वर्ष समजावून सांगितलं पाहिजे: लावणी कधी, लक्ष्मी यात्रा (गावदेवीची जत्रा) कधी, कोणत्या आठवड्यात नवा घटक सुरू करू नये. पावसाचंही तसंच. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना बोलून काही उपयोग नसतो. त्या वेळेसाठी चित्रं, मूकवाचन, अनुलेखन यांचा गठ्ठा कपाटात तयार असावा.

भाषेचा मुद्दा आम्ही वादासाठी मांडत नाही. परिपत्रकं आणि प्रशिक्षणाची पुस्तिका कन्नडमधून येते, नवा मराठी शिक्षक अर्धीमुर्धी समजून काम करतो आणि तपासणीत बोलणी खातो. त्याच तारखेला मराठी प्रत द्या. मराठी शाळेत कन्नड शिकवायला येणाऱ्या नव्या शिक्षकांचीही अशीच कोंडी होते. त्यांनी पहिले दोन आठवडे पुस्तक बाजूला ठेवावं. "बा", "निल्लु", "पुस्तक तेगे" अशा आज्ञा स्वतः कृती करून द्याव्यात, मुलांनी फक्त तसं करावं. बोलण्याची सक्ती लगेच केली तर मुलं तोंड मिटून बसतात आणि शिक्षकही हिरमुसतो.

नवा शिक्षक शाळेत सगळ्यात धाकटा, आणि त्याला कॉम्प्युटर येतो, म्हणून ऑनलाइन माहिती, मुलांना शाळेत मिळणाऱ्या दुधाचा आणि अंडी-केळ्यांचा हिशेब त्याच्याच गळ्यात पडतो. कायद्याने आठवड्याचे ४५ तास धरले आहेत त्यात तयारीचा वेळही येतो, पण तो या कामांत जातो. पहिल्या सहा महिन्यांत नव्या शिक्षकाला यातून मोकळं ठेवा. आणि अतिथी शिक्षकांचं मानधन ज्या त्या महिन्याला द्या. खोलीभाडं आणि बसभाडं थकलेलं असताना हसतमुखाने शिकव म्हणणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

शेवटचं, पाठ-निरीक्षणाबद्दल. एका भेटीत बारा शेरे लिहिले जातात: अक्षर, आवाज, वेळ, साधनं. आठवड्यात माणूस एक गोष्ट सुधारू शकतो. नव्या शिक्षकाला एक मार्गदर्शक द्यावा, त्याच क्लस्टरमधला (जवळपासच्या शाळांच्या गटातला) अनुभवी शिक्षक, गोपनीय अहवाल लिहिणारा अधिकारी नको. या मार्गदर्शकाने आठवड्यातून एक तास वर्गात बसावं आणि तीन ओळी लिहाव्यात, दोन जमलेल्या, एक बदलायची. "पाठ छान" या शेऱ्याने काहीच कळत नाही. "मागच्या ओळीने न विचारता काम सुरू केलं" असं लिहिलं तर पुन्हा काय करायचं ते कळतं. शिक्षकानेही रोज टाचणवहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहावी: काल न येणारी कोणती गोष्ट आज कोणत्या मुलाला आली. ज्या दिवशी सगळंच फसल्यासारखं वाटतं, त्या दिवशी हे पान उघडून बघावं.

शाळा मेअखेर उघडतात आणि वेळापत्रकं त्याआधी ठरतात. त्यामुळे हे पत्रक एप्रिल संपायच्या आत गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत पोचावं, ही विनंती.

आपले नम्र,
सीमाभागातील मराठी शाळांचे काही ज्येष्ठ शिक्षक-शिक्षिका