सुटी पुरे, नांदेडचा शीख वारसा शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत गुरु नानक जयंती आहे. तिच्या जोडीला गुरु गोविंदसिंग जयंतीही असावी आणि निदान नांदेडपुरता गुरुगद्दीचा, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याचा, दिवस सुटी म्हणून जाहीर व्हावा, अशी चर्चा आमच्या गावात अधूनमधून कानावर येते. त्यामागची भावना मला मान्य आहे, पण आयुष्यभर शिक्षकी केल्यावर सुटीवर माझा फारसा भरवसा उरलेला नाही.

गुरु नानक जयंती येते कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच. एका वर्षी आदल्या दिवशी सातवीच्या वर्गात मी विचारले, "उद्या शाळा कशाबद्दल बंद?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, दिवाळीची उरलेली सुटी असेल." ही शाळा सचखंड गुरुद्वाऱ्यापासून, म्हणजे हुजूर साहिबपासून, चालत दहा मिनिटांवर, आणि लंगरच्या पंगतीत बसून जेवला नाही असा एकही मुलगा त्या वर्गात नव्हता! गुरुगद्दीचा सोहळा तर ऐन दिवाळीच्या दिवसांत असतो. तेव्हा शाळा आणि कचेऱ्या बंदच असतात. त्यात आणखी एक सुटी जाहीर करून हाती काय लागणार?

केंद्र सरकारने २०२२ पासून २६ डिसेंबर हा गुरु गोविंदसिंगांच्या साहिबजाद्यांच्या, म्हणजे मुलांच्या, स्मरणार्थ 'वीर बाल दिवस' ठरवला. या नावावर शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने आक्षेप घेतला आणि 'साहिबजादे शहादत दिवस' असे नाव सुचवले. तो आक्षेप मला रास्त वाटतो. पण दिवस आहेच तर त्या दिवशी आमच्या मुलांना पंजाबातल्या सरहिंदचा धागा नांदेडपर्यंत कसा येतो, हे का सांगू नये? जोरावरसिंग आणि फतेहसिंग या धाकट्या साहिबजाद्यांना जिथे हौतात्म्य आले, त्याच सरहिंदच्या सुभेदाराने धाडलेल्या मारेकऱ्याने त्यांच्या वडिलांवर, गुरु गोविंदसिंगांवर, इथे गोदाकाठी वार केला, असे परंपरा सांगते. १७०८ च्या ऑक्टोबरात गुरूंनी इथेच देह ठेवला आणि त्याआधी, यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथच गुरू, असे सांगितले. इथल्याच घाटावर त्यांना माधोदास बैरागी भेटला, तो पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात गेला आणि १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकले. शीख इतिहासाला वळण देणाऱ्या इतक्या घटना ज्या गावात घडल्या, त्या गावातल्या मुलांना हा इतिहास पंजाबचा वाटतो.

याहून जवळचा दुवा नामदेवांचा. त्यांचे जन्मगाव मानली जाणारी नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. त्या पदांतला 'बीठल' म्हणजे आपला पंढरीचा विठ्ठलच. रोज गोदावरीच्या पाण्याची घागर जिथे नेली जाते, त्या हुजूर साहिबच्या दरबारात पाठ चालू असताना हा शब्द प्रथम कानावर पडला, तेव्हा मी पायरीवर थबकलो होतो. माझे वय त्या वेळी चाळिशीपार होते, आणि तोवर मला हे कोणी शिकवले नव्हते. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरले, ते नामदेवांच्या तिथल्या वास्तव्यामुळेच. तेव्हा तिथे मराठी पुस्तके कोण विकत घेणार, म्हणून प्रकाशकांनी कुरकुर केली होती, तेवढीच पुष्कळांच्या लक्षात राहिली.

शिक्षण विभागाला माझी विनंती एवढीच आहे की, शालेय मराठीच्या पुस्तकात नामदेवांचा अभंग घेताना त्याच्या शेजारी त्यांचे ग्रंथसाहिबातील एखादे पद देवनागरी लिपीत, कठीण शब्दांच्या अर्थासह छापावे. आणि नांदेड व हिंगोली जिल्ह्यांतील शाळांच्या सहलींत नरसी आणि हुजूर साहिब ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी दाखवावीत. आमचे दख्खनी शीख बांधव घराबाहेर आपल्याशी मराठीतच बोलतात, तेव्हा मुलांना माहिती सांगायला जाणते लोक शोधत फिरावे लागणार नाही. पुस्तकातले पदही अर्ध्या पानात सहज मावेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षक, नांदेड