सहीचे पैसे खेळाडूच्या हातात पडू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या ट्रेडिंग कार्डांच्या, म्हणजे खेळाडूंची चित्रे छापलेल्या संग्राह्य कार्डांच्या, बाजारावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी इथे लिंकनला, नेब्रास्कात, दोनदा वाचला. कोणते कार्ड केवढ्याला गेले, कोणाचा शिक्का असला की भाव चढतो, हे त्यात नीट आले आहे. पण ज्याची सही त्या कार्डावर आहे, तो माणूस मला लेखात कुठे भेटला नाही. कॉलेज फुटबॉलच्या जुन्या खेळाडूंनी सही केलेली कार्डे मी बावीस वर्षे जमवते आहे, म्हणून न राहवून लिहिते.

हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, अमेरिकन. आमच्या राज्यात मोठ्या व्यावसायिक साखळीतला संघ नाही, त्यामुळे लोकांचा सगळा जीव विद्यापीठाच्या संघात. सामन्याच्या शनिवारी मैदान भरले, की तेच राज्यातले तिसरे मोठे शहर होते, असे इथले लोक म्हणतात. १९६२ पासून तिकिटे संपली नाहीत असा एकही घरचा सामना नाही. १९७१ च्या थँक्सगिव्हिंगला नेब्रास्काने ओक्लाहोमाला ३५-३१ ने हरवले, त्याची गोष्ट आमच्या शेजारच्या आजोबांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की जॉनी रॉजर्सची ती ७२ यार्डांची धाव मी स्वतः पाहिल्यासारखी वाटते. पण आजोबा शेवटी नेहमी म्हणायचे, "त्याला वाट कोणी करून दिली, ते कोण विचारतो?" वाट करून देणारे ते लाइनमन. त्यांच्या नावावर धावा नाहीत, गुण नाहीत. बहुतेकांचा खेळ कॉलेजातच संपला. कोणी शेती केली, कोणी शाळेत शिकवले, कोणी विमा विकला.

त्यांची कार्डेही त्या काळी निघाली नाहीत. १९९० च्या आगेमागे काही विद्यापीठांनी आपल्या जुन्या खेळाडूंचे संच काढले, तेव्हा त्यातले काही जण चाळिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा कार्डावर आले. ही कार्डे आजही एखाद-दोन डॉलरला मिळतात. बाजाराच्या लेखी त्यांना किंमत नाही, माझ्या संग्रहात मात्र ती सर्वात वरच्या खणात आहेत.

अशाच एका लाइनमनला मी पत्र लिहिले होते. चौदा महिने उत्तर नव्हते. मग एका दुपारी माझ्याच अक्षरातला पत्ता असलेले पाकीट परत आले. आत कार्ड, निळ्या शार्पीने, म्हणजे पक्क्या शाईच्या मार्कर पेनाने, केलेली सही. पहिले अक्षर ठसठशीत, पुढची उतरत उतरत कडेपर्यंत गेलेली, आणि शेवटच्या अक्षरावर पेन टेकून राहिल्याचा शाईचा बारीक ठिपका. सोबत माझेच पत्र, त्याच्या मागच्या बाजूला चार ओळी: हात कापतो, म्हणून मुलीने कार्ड धरून ठेवले, उशिराबद्दल माफ करा. माफी कोणी कोणाची मागायची! ते पत्र मी कार्डाच्या मागे ठेवले आहे. हे दोन्ही कधी वेगळे करणार नाही.

पत्राने सही मागवायची रीत साधी आहे, पण मन लावून करावी लागते. पत्र हाताने, एका पानाचे. त्यात त्यांचा कोणता सामना, कोणता खेळ आपल्याला ठाऊक आहे ते लिहायचे, नुसते "मी आपला चाहता" नको. परतीचे पाकीट आपला पत्ता घालून, तिकीट लावून आत ठेवायचे. गुळगुळीत, चकचकीत कार्डावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, म्हणून आधी त्यावर टाल्कम पावडर हलकेच फिरवून मऊ कापडाने पुसून घ्यायची. कार्ड एक, फार तर दोन. एकाच माणसाकडे दहा-दहा कार्डे पाठवणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळेच अनेक खेळाडूंनी पाकिटे उघडणे बंद केले. आणि पुन्हा मिळणार नाही असे कार्ड टपालात टाकायचे नाही.

माझ्याकडे असे न टाकण्यासारखे थोडे आहे. टॉप्स या कार्डे छापणाऱ्या कंपनीने १९५५ साली 'ऑल अमेरिकन' नावाचा शंभर कार्डांचा संच काढला, सगळे कॉलेजचे गाजलेले जुने खेळाडू. त्यात कोलोरॅडोचे 'व्हिझर' व्हाइट आहेत, जे १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. याच संचात आयोवाचे नाइल किनिक आहेत. १९३९ चे हाइजमन (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेते, ओमाहाच्या शाळेत शिकलेले, म्हणून आमच्याकडेही लाडके. ते १९४३ मध्ये नौदलाच्या सरावाच्या उड्डाणात गेले. कार्ड छापले गेले त्याच्या बारा वर्षे आधी. आणि काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने मला याच कार्डावरची किनिक यांची 'सही' देऊ केली, ती खरी असल्याच्या प्रमाणपत्रासकट! भाव ऐकून मी पैशांची जुळवाजुळव करायला निघालेही होते. रात्री तारखा मनात आल्या आणि अंगावर काटा आला. चोविसाव्या वर्षी गेलेल्या मुलाचे नाव कोणीतरी बसून गिरवले होते. खोट्या सह्यांच्या टोळ्या एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये पकडल्या, तरी हा धंदा संपलेला नाही. आपल्या लेखात प्रमाणपत्राला इतके महत्त्व दिले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दुसरा मुद्दा पैशांचा. १ जुलै २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे कमावू शकतात. त्याआधी सहीचे पैसे घेतले तर शिक्षा होती. जॉर्जियाचा टॉड गर्ली २०१४ मध्ये याच कारणाने चार सामने बाहेर बसला. भरलेल्या मैदानाचे उत्पन्न विद्यापीठाचे, दूरचित्रवाणीचे करार इतरांचे, आणि गुडघे मात्र मुलांचे. त्यातले कोणी आज सहीचे दहा-वीस डॉलर मागत असतील तर मी ते आनंदाने पाठवते. कित्येक जण ती रक्कम एखाद्या संस्थेला देऊन टाकतात. तीच सही मध्यस्थाकडून घेतली तर खेळाडूला त्यातली दमडी मिळेलच असे नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे इकडे आहेत आणि कार्डे जमवतात. त्यांना माझी विनंती आहे: एखादे पत्र लिहून पाहा. आणि सही करताना 'अमक्यासाठी' असे तुमचे नावही कार्डावर लिहायला सांगा. नाव घातले की कार्डाचा भाव पडतो, असे विक्रेते सांगतात. पडू दे. नाव मागितले की हे कार्ड उद्या विक्रीला जाणार नाही, हे त्या खेळाडूला कळते, आणि तो मोकळ्या मनाने लिहितो.

१९७१ च्या संघातल्या आणखी तिघांचे पत्ते मला नुकतेच मिळाले. तिघेही आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. कार्डांना पावडर लावून झाली आहे, पत्रे उद्या सकाळी टपालात पडतील.

आपली,
एक जुनी वाचक
लिंकन, नेब्रास्का